हिला दहा मिनिटं थांबवून ठेवा

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून तपासून गणिताच्या बाईंच्या मानेचा पार भुगा झाला होता. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, आणि दर वर्षी या दिवसांत त्यांना वाटायचं, की आपल्याआधी आपली मान निवृत्त होणार. आठवी ‘ब’चे पंचेचाळीस पेपर. चव्वेचाळीस झाले होते. पंचेचाळिसावा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो टपालचा होता आणि तो बरा निघेल अशी त्यांना आशा होती. दिवसभर कडू औषध घेणाऱ्या माणसाने शेवटी साखरेचा दाणा तोंडात टाकावा, तेवढीच आशा.

पेपरवर नाव होतं, तारीख होती, पहिल्या प्रश्नाचा क्रमांक होता. त्यापुढे दीड ओळ. मग काहीच नाही. बाईंनी पान उलटलं, पुढचं उलटलं. शेवटच्या पानावर एक त्रिकोण काढलेला होता. तो कुठल्याच प्रश्नाचा नव्हता, पण सुबक होता. बाईंनी दीड ओळीला दोन आणि त्रिकोणाला दोन असे शंभरपैकी चार गुण दिले. लाल पेन खाली ठेवलं आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

टपाल हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. ते शिक्षकांच्या खोलीत पडलेलं नाव. गेल्या वर्षी, म्हणजे ती पहिल्यांदा आठवीत होती तेव्हा, याच खोलीत तिला ‘तोफ’ म्हणत. कधी उडेल याचा नेम नसायचा. टाचा आपटायला लागायची, पेन्सिल बाकावर ठोकायची, मग अचानक उभी राहून ओरडायची. एकदा कंपासपेटी भिरकावली ती खिडकीची काच घेऊनच खाली गेली. एकदा शेजारणीच्या कानफटात मारली आणि मग स्वतःचंच मनगट असं चावलं, की रक्त आलं. बाप दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, ही एवढी एक ओळ तिच्या कागदपत्रांत होती. त्या ओळीवर समस्त गुरुजनांनी माना हलवल्या, च्यक च्यक केलं आणि तिला नापास केलं. ते रीतसरच होतं. ती खरंच नापास झाली होती.

यंदा मात्र तोफ थंडावली. आणि ती कशी थंडावली, हे गणिताच्या बाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण तो उपाय त्यांच्याच डोक्यातून निघाला होता.

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. बाई फळ्यावर समीकरण सोडवत होत्या आणि मागून टाचांचा आवाज सुरू झाला. बाईंनी वळून पाहिलं. मुलीचा श्वास वाढला होता, मान सारखी दाराकडे वळत होती. आता तीन मिनिटांत भडका, हे बाईंनी ओळखलं. त्या दिवशी त्यांच्या अंगात कणकण होती, घसा बसला होता आणि आरडाओरडा निस्तरण्याची ताकद तर मुळीच नव्हती. त्यांनी वहीचा चतकोर फाडला, त्यावर लिहिलं, ‘हिला दहा मिनिटं थांबवून ठेवा’, दोन घड्या घातल्या आणि मुलीच्या हातात दिला.

“वरच्या मजल्यावर भाषेच्या बाईंना नेऊन दे. फार महत्त्वाचं आहे हं. उत्तर घेऊनच ये.”

मुलगी वाऱ्यासारखी गेली. पाव तासाने आली ती शांत. गाल लाल, श्वास सरळ. मधल्या वेळात वर्गाचं एक अख्खं उदाहरण सुखरूप पार पडलं होतं. बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी मधल्या सुट्टीत भाषेच्या बाईंना ही युक्ती सांगितली. सर्दीवरचा घरगुती काढा सांगावा, तशी हळू आवाजात. भाषेच्या बाईंनी ती कुणाला सांगितली, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

तर त्या दिवशी पेपर संपले आणि निकालाचा तक्ता भरायची वेळ आली. वर्गशिक्षिका म्हणून तक्ता गणिताच्या बाईंच्या गळ्यात. एकेक जण आपल्या विषयाचे गुण सांगत होता आणि बाई रकाने भरत होत्या. टपालची ओळ आली. भाषा नऊ. विज्ञान सहा. इतिहास शून्य.

“शून्य?” भूगोलाचे सर खुर्चीतून पुढे झाले. “अहो, पण ती किती सुधारली होती! माझ्याकडे सात आहेत तिला. मला वाटलं, माझाच विषय तिला जड जातोय.”

“माझ्या तासाला तर तिने वर्षभरात एकदाही त्रास दिला नाही,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

“माझ्याही नाही.” सर जरा ओशाळून हसले. “म्हणजे, खरं सांगायचं तर मी तिला फार बसवून ठेवत नसे. एखादी चिठ्ठी देऊन पाठवायचो. माझी आपली एक युक्ती होती.”

“तुमची?” विज्ञानाच्या बाईंनी चष्मा काढला. “मी पाठवायचे की तिला प्रयोगशाळेत! आधी चिठ्ठी, मग चिठ्ठीचं उत्तर.”

 भाषेच्या बाई लाल पेनाचं टोपण लावत राहिल्या, काढत राहिल्या.

शिपाईमामा कपबश्या गोळा करत होते. त्यांनी ट्रे टेबलावर टेकवला. “दिवसाला पाच फेऱ्या व्हायच्या पोरीच्या,” ते म्हणाले. “कधी सहा. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय. माझेही गुडघे वाचले, म्हणून मी बोललो नाही.”

 गणिताच्या बाईंनी सवयीने हिशोब केला. पस्तीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं बाहेर, असे दिवसाच्या सात तासांपैकी पाच. दहा महिन्यांच्या शाळेत मुलगी चार महिने जिन्यावर होती. उरलेल्या सहा महिन्यांत ती एक तर निघायच्या बेतात असायची, नाहीतर नुकतीच परतून ‘काय चाललंय’ म्हणून फळ्याकडे बघत असायची. आणि ही गोष्ट सात शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं, की आपण एकटेच हुशार.

बाई तक्ता घेऊन हेडसरांकडे गेल्या. हेडसर वाईट माणूस नव्हता. तोही थकलेलाच होता. त्याच्या टेबलावर कागदांचे एवढे ढीग होते, की बोलताना तो त्यांच्यामधून बघत असे.

“आठवीत एकदा नापास झालेली आहे ती,” त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. “नियम माहीत आहे ना? आता नापास केलीत तर सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा. तिच्यातही गेली, तर दाखला हातात. एकाच इयत्तेत दोनदा गेलेलं मूल आपण ठेवत नाही.”

“माहीत आहे, सर.”

“मग? तोंडी परीक्षेचे गुण आहेत, प्रकल्पाचे आहेत, वर्तनाचे आहेत. ते सगळे तुम्हा लोकांच्याच हातात. शिस्तीच्या वहीत वर्षभरात तिची एक नोंद नाही. ढकला वर. नववीचं नववीवाले बघतील.”

“सर, तिला काही येत नाही. आम्हीच तिला…”

“बाई,” हेडसर कागदांमधून डोकावत म्हणाला, “तुम्हाला या वयात हे झेपणार आहे का? शनिवारी दुपारी बारापर्यंत तक्ता द्या. बाकी तुमच्यावर सोडतो.”

बाकी तुमच्यावर सोडतो. सव्वीस वर्षांत बाईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांना ते आता शाळेच्या घंटेसारखं वाटायचं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. ढकलायची वर. कुणाचं काय जातं? मुलगी खूश, आई खूश, हेडसर खूश, आणि आपली सुट्टी आपल्याला.

शुक्रवारी आई आली. निकालाआधी सही लागते म्हणून हेडसरांनीच तिला बोलावलं होतं. ती एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायची. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती आणि अंगाला साबणसोड्याचा वास होता. ती बाईंसमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू पूर्ण बसलं तर कुणी उठवेल.

“बाई, गेल्या वर्षी मला अकरा वेळा शाळेतून फोन आला,” ती म्हणाली. “दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा. मुकादम म्हणायचा, तुझी पोरगी मला कामावरून काढायला लावणार. आणि या वर्षी एकही नाही. एकदाही नाही! तुमचे उपकार कसे फेडू?”

“अहो ताई, उपकार कसले…”

“नाही, खरंच. घरी येऊन सांगते मला, सगळ्यात महत्त्वाची कामं बाई मलाच देतात. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नाही, म्हणते. ती बोलतच नव्हती हो, बाई. तिचे बाबा गेल्यापासून घरात नुसती भांडी बोलायची. आता निदान शाळेचं तरी सांगते.”

बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. ताई, तुमच्या मुलीला शंभरात चार पडलेत, आणि ते तिला पडलेले नाहीत, आम्हाला पडलेत. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उसंत दिसत होती.  गणिताच्या बाईंनी फक्त कुठे सही करायची ते दाखवलं, आई सही करून कामावर पळाली, आणि बाई आपल्या भित्रेपणावर मनसोक्त चिडत तिथेच बसून राहिल्या.

मग त्यांनी मामांना सांगून टपालला बोलावून घेतलं. परीक्षा झाली तरी मुलं अजून शाळेत येत होती. वाचनालयाची पुस्तकं परत करणं, बाकं मोजणं असली कामं चालू होती, आणि असल्या कामांत टपाल सगळ्यांच्या पुढे. पाच मिनिटांत ती दारात हजर झाली. चौदा सरून पंधरावं लागलेलं, उंची एकदम वाढलेली, बाह्या आखूड झालेल्या.

“काय नेऊन द्यायचंय, बाई?”

“काही नाही. बस.”

ती बसली, पण दाराच्या बाजूच्या बाकावर आणि तिरकी. बाईंनी गणिताचा पेपर तिच्यासमोर ठेवला. मुलीने चार हा आकडा बघितला. तिला धक्का बसलेला दिसला नाही.

“सगळ्या विषयांत असंच आहे,” बाई म्हणाल्या. “आणि चूक तुझी नाही. मी तुला ज्या चिठ्ठ्या द्यायचे ना…”

“हिला दहा मिनिटं थांबवून ठेवा,” टपाल म्हणाली.

बाईंनी पेपर उलटा करून ठेवला.

“पहिल्याच आठवड्यात वाचली मी. जिन्यात उघडून. भूगोलाचे सर पंधरा लिहितात. विज्ञानाच्या बाई लिहितात, जमेल तेवढा वेळ.” ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बस किती वाजता येते ते सांगावं, तसं सांगत होती.

“मग तू… अगं, मग तू वर्षभर नेऊन का देत होतीस?”

“मला बाहेर जायला मिळायचं.” तिने खांदे उडवले. “आणि मी गेले की तुम्हाला बरं वाटायचं. मी दारातून वळून बघायचे ना, तेव्हा तुम्ही असा श्वास सोडायचात.” तिने तो श्वास करून दाखवला. अगदी हुबेहूब.

गणिताच्या बाईंना आयुष्यात पुष्कळ बोलणी बसली होती. पालकांची, तपासणी अधिकाऱ्यांची, घरच्यांची. पण असं कुणी त्यांना त्यांचाच श्वास परत दिला नव्हता. त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “तुला दोन्ही सांगते. मी तुला वर ढकलू शकते. हेडसरांची हरकत नाही. नववीत जाशील.”

“नववीत पण चिठ्ठ्या असतील?”

“असतील. तिथल्या लोकांना कुणीतरी सांगेलच.”

“आणि नाही ढकललंत तर?”

“तर सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा. सुट्टीत रोज सकाळी शाळेत यायचं, मी येईन. मात्र तिच्यात नापास झालीस तर ही शाळा सुटेल. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.”

टाचा सुरू झाल्या. आधी डावी, मग दोन्ही. टपाल बाकाची कड नखाने खरवडत होती आणि तिची नजर दारावर होती. “मला बसता येत नाही, बाई,” ती म्हणाली. दोन वर्षांत तिने आरडाओरडा केला होता, काचा फोडल्या होत्या, पण हे साधं वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती. आणि तेही ओरडून नाही. “सगळे म्हणतात बस, बस. मला खरंच येत नाही.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःलाच खोडलं. “नाही. माहीत नव्हतं. आत्ता कळलं.”

शनिवारी बाराला पाच कमी असताना त्यांनी हेडसरांच्या टेबलावर तक्ता ठेवला. टपालच्या ओळीत खरे गुण होते. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीस वर्षभर आम्ही वर्गाबाहेर ठेवले.’ खाली त्यांची एकटीची सही. हेडसराने ते वाचलं, बाईंकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, “हे असं लिहायची पद्धत नाही.” पण खोडलं नाही. आईला बाईंनी स्वतः धुलाईघरात जाऊन सांगितलं. वाफेत उभी राहून ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे फोन यायला हवा होता.” तिने चहा काही विचारला नाही. ते बाईंना पटलं. त्यांना कुणी चहा विचारावा असं त्यांनी काही केलं नव्हतं.

सुट्टीचा पहिला सोमवार. शाळा रिकामी, बाकं एकावर एक चढवलेली, मामांनी कोपऱ्यातलं एक बाक तेवढं खाली काढून ठेवलेलं. टपाल वेळेवर आली. बाईंनी पाचवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात करायची ठरवली होती. मुलीने वही उघडली, मान खाली घातली, एक आकडा लिहिला आणि झटक्यात वर बघितलं. दाराकडे. पुन्हा मान खाली, पुन्हा वर. चौथ्या मिनिटाला टाचा. सहाव्या मिनिटाला तिचा श्वास वाढला.

“बाई, काही काम आहे का? कुणाला काही द्यायचंय?”

बाईंचं सगळं अंग ‘हो’ म्हणायला टपलं होतं. मान दुखत होती, घरी धुण्याचा ढीग होता, आणि असे एकोणचाळीस दिवस अजून बाकी होते. एक चतकोर कागद, दोन घड्या, की सुटका. “नाही,” त्या म्हणाल्या. “काही नाही द्यायचं.”

मुलगी ताडकन उठली. बाक मागे ढकललं गेलं, पेन घरंगळत गेलं. ती दारापर्यंत गेली आणि चौकट धरून, पाठ करून उभी राहिली. बाईंनी हाक मारली नाही. 

“मी नकाशा रंगवत होते,” टपाल बाहेर बघत म्हणाली. “समुद्राचा निळा रंग बाहेर जाऊ नये म्हणून अशी वाकून. बाबा म्हणाले, येतो गं. मी हं म्हटलं. वर बघितलंच नाही. कुठला शर्ट होता, हातात बॅग होती का, आई सारखी विचारायची. मला सांगताच आलं नाही. नकाशा छान झाला होता.”

बाहेर पटांगणात मामा झाडू मारत होते, त्याचा आवाज येत होता.  बाईंनी इतक्या मुलांना ‘खाली बघ, वहीत बघ’ म्हणून झापलं होतं, की त्याचा हिशोब करायची त्यांची छाती नव्हती. हिलाही किती वेळा म्हटलं असेल!

थोड्या वेळाने त्या उठल्या. आपली खुर्ची उचलली, टपालच्या बाकाशेजारी आणून ठेवली आणि तिचं तोंड दाराकडे केलं.

“ये,” त्या म्हणाल्या. “तू खाली बघून लिही. दाराकडे मी बघते.”

टपाल वळली. खुर्चीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. खरं की खोटं, याचा अंदाज घेत असावी, आणि तसा तो घ्यायचा तिला पूर्ण हक्क होता. मग ती आली, पेन उचललं, बसली.

“कुणी आलं तर सांगाल?”

“सांगेन.”

“कुणी गेलं तर?”

“तरी सांगेन.”

तिने मान खाली घातली. बाई दाराकडे बघत बसल्या. शेजारी पेनाचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. उत्तर बरोबर येतंय की चूक, हे बघायला बाईंनी एकदाही मान वळवली नाही.